कणकेवरची बोटं

बागवान मॅडमचं जेवण होईपर्यंत त्या पोरीनं त्यांच्यावरची नजर काढली नाही.

मी समोर उभी राहून वाढत होते, त्यामुळं मला सगळं दिसत होतं. पोरीपुढंही ताट होतं. वांग्याची भाजी, आमटी, गरम चपाती. तिनं कशालाच हात लावला नव्हता. दोन्ही हात मांडीवर, पाठ ताठ, आणि डोळे मॅडमच्या घासावर. घास तोंडात गेला की तिचे डोळे त्यांच्या गळ्यावर यायचे आणि घास उतरेपर्यंत तिथंच थांबायचे. मॅडमनी शेवटचा भात खाऊन पाणी प्यायल्यावर ती उठली, त्यांचं ताट उचललं, वाटीत काही राहिलंय का ते वाकून बघितलं आणि मोरीत नेऊन ठेवलं. मग आपल्या गार झालेल्या ताटावर येऊन बसली.

"शहाणी आहेस की गं," मी म्हणाले. "न सांगता ताट उचलतीस!"

मॅडमनी मला ओसरीवर बोलावलं.

"अक्का, नाही म्हणायला अजून वेळ आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुमचं घर म्हणजे सगळं स्वयंपाकघरच. आणि हिच्या आईचं तुम्हाला सांगितलंय."

सांगितलं होतं. दुसऱ्या जिल्ह्यातली बाई. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना घरी डबा द्यायची. दोन वर्षांत तिघं गेले आणि तिघांचंही सोनं बाईच्या पेटीत सापडलं. डब्यातून विष घालत होती. तो डबा पोचवायला जायची ती ही कावेरी. वय वर्षं नऊ.

"पोरीनं काय केलंय हो?" मी म्हणाले. "आईच्या पापाचं गाठोडं तिच्या डोक्यावर कशाला?"

तोंड वर करून असं बोलले खरी. माझी जीभ पहिल्यापासून अशीच. आधी बोलायचं, मग निस्तरत बसायचं.

मिरजेत दवाखान्याच्या मागच्या गल्लीत माझी खानावळ होती. नर्सिंगच्या पोरी आणि पेशंटबरोबर आलेली माणसं, अशी तीस-पस्तीस ताटं रोज दुपारी व्हायची. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, पोटी काही नाही. दुपारी ताटं उठली की घर खायला उठायचं. बागवान मॅडम बालकल्याण समितीच्या कामावर होत्या आणि जेवायला माझ्याकडं यायच्या. त्यांनीच एकदा विचारलं, एखादं मूल घरी सांभाळाल का म्हणून. तीन महिने बघायचं, सगळं नीट वाटलं तर समिती पुढचा कागद करते. नाहीतर मूल परत बालगृहात.

आणि मी हो म्हणाले. मी, अक्काताई खोत, नाकावर माशी बसू न देणारी बाई.

माझ्या स्वयंपाकघराला कायदे होते. चपात्या लाटायला शारदा होती, बारा वर्षं माझ्याकडं. ती म्हणायची, "कोर्ट परवडलं बाई, अक्काचा कट्टा नको." अन्न जमिनीवर ठेवायचं नाही. देवाला दाखवल्याशिवाय कशाला तोंड लावायचं नाही. कणकेचा गोळासुद्धा वाया घालवायचा नाही. आणि मळून ठेवलेली कणीक कधी गुळगुळीत ठेवायची नाही, तिच्यावर बोटं उमटवायची.

"का?" कावेरीनं विचारलं. पहिल्या आठवड्यात तिनं विचारलेली ही एकच गोष्ट.

"गुळगुळीत गोळा पिंडासारखा दिसतो. पिंड मेलेल्या माणसाला. बोटं उमटली की ते जित्या माणसाचं अन्न. माझ्या आईनं मला सांगितलं, मी तुला सांगतेय."

ती स्वतःच्या हाताकडं बराच वेळ बघत राहिली. मग तिनं माझ्या चार बोटांच्या शेजारी आपली बोटं दाबली. करंगळी आखडून धरायची तिला सवय होती, त्यामुळं तीनच खड्डे पडले. त्या दिवसापासून ते काम तिनं अंगावरच घेतलं. शाळेतून आली की आधी परातीवरचं फडकं उचलायची, आणि मी विसरले असेन तर तीन बोटं दाबून फडकं परत झाकायची.

मला कौतुक वाटलं. वाटणारच की! पण हळूहळू बाकीचं दिसायला लागलं.

पोरी जेवायला बसल्या की ही स्वयंपाकघराच्या दारात उभी. हलायची नाही, बोलायची नाही. एकेकीचा घास मोजल्यासारखी बघायची आणि ताट रिकामं झालं की उचलून न्यायची. प्रिसिला म्हणून शेवटच्या वर्षाची एक मुलगी होती, बोलायला तिखट. ती हसत हसत म्हणायची, "अक्का, ह्या सुपरवायझर बाईंना जरा आत घ्या की. घास उतरत नाही आमच्या घशाखाली." पुढं पुढं तीही हसेनाशी झाली आणि दाराकडं पाठ करून बसायला लागली.

मग भांडी. सकाळी आमटी उतरवून ठेवावी, दहा मिनिटांनी झाकण काढावं, तर कडेला बोट फिरवल्याची रेघ. भाजीतली एक फोड गायब. बुट्टीतल्या सगळ्यात वरच्या चपातीचा बोटाएवढा तुकडा मोडलेला. मला आधी मांजर वाटलं. शारदाला नव्हतं वाटलं.

श्रावणातल्या सोमवारी मी खिरीचा नैवेद्य काढून ठेवला, फुलं आणायला परड्यात गेले आणि आत येते तर ही देवापुढच्या वाटीत बोट घालून उभी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातावर असा फटका दिला की वाटी उडाली.

"देवाचं उष्टं केलंस? लाज नाही वाटत?"

ती रडली नाही. बोट चोखून झालं आणि म्हणाली, "बरी आहे."

"काय बरी आहे?"

"खीर. बरी आहे. देवाला चालेल आता."

बोलण्यात उद्धटपणा नव्हता. दवाखान्यातले डॉक्टर रिपोर्ट सांगतात तसं तिनं सांगितलं.

शारदा भांडी घासता घासता पुटपुटली, "खाण तशी माती. आईचा धंदा हात सोडत नसतोय."

"गप गं!" मी ओरडले. पण ओरडण्यात जोर नव्हता, आणि तो नाही हे शारदालाही कळलं.

त्याच महिन्यात अथणीकडचे एक म्हातारे गृहस्थ जेवायला येत होते. पाटील आण्णा. बायको मांडीचं हाड मोडून दवाखान्यात. माणूस गरीब स्वभावाचा, दात नाहीत, चपाती आमटीत कुस्करून हळूहळू खायचा. कावेरी त्यांच्याजवळ जरा जास्तच वेळ उभी राहायची. एक दिवस आण्णा आले नाहीत. ताटं उठली, मोरी आवरली, आणि माझ्या ध्यानात आलं की पोरगी घरात नाही.

मी गल्ली पालथी घातली. शाळेत नाही, देवळात नाही. शेवटी प्रिसिलानंच तिला हाताला धरून आणलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पोरीचा नव्हे, प्रिसिलाचा.

"कुठं होती माहिती आहे का, अक्का? मागच्या फाटकाला. प्रेतं ठेवतात तिथं. वॉचमनला विचारत होती, पांढऱ्या टोपीचे आजोबा आज इथं आले का म्हणून."

मी कावेरीला खांद्याला धरून हलवलं. "का गेली होतीस? बोल!"

"ते जेवायला आले नाहीत," ती म्हणाली. "काल सगळं जेवण संपवलं होतं त्यांनी."

आण्णा गावी गेले होते, पेरूच्या बागेचं काही काम निघालं म्हणून. दुसऱ्या दिवशी पेरूंची पिशवी घेऊन हजर झाले. पण शारदा मला कोपऱ्यात घेऊन जे बोलली ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. "डबा खाल्ल्यावर काम झालं का ते बघायला आई हिलाच धाडत असणार. तीच सवय ही. एक दिवस आपल्या पस्तीस माणसांचं काही झालं ना अक्का, तर तुम्ही आयुष्यभर दगडं खाल."

खोटं कशाला बोलू, मी घाबरले. हळदी-तिखटाच्या कपाटाला कुलूप घातलं. पाण्याच्या घागरी झाकून त्यावर पाटे ठेवले. रोज सकाळी तिच्या दप्तरात हात घालून बघायला लागले, आणि ती शेजारी उभी राहून मला बघू द्यायची, जणू सगळ्यांच्या घरी असंच करतात. आठ दिवसांनी मी बागवान मॅडमना फोन केला.

"माझ्याकडनं होत नाही. मंगळवारी या आणि तिला घेऊन जा."

फोनवर मॅडमच्या वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "बरं. दुपारी दोनपर्यंत येते."

मी कावेरीला सांगितलं. तिनं भांडी पुसता पुसता ऐकलं.

"मंगळवारी जेवायच्या आधी जायचं का जेवल्यावर?" तिनं विचारलं.

"जेवल्यावर."

"सगळ्यांची जेवणं झाल्यावर?"

"हो गं बाई, सगळ्यांची."

"मग बरं," ती म्हणाली.

मंगळवार उजाडला तोच गडबडीत. कोठीत उंदरांनी नुसता धुमाकूळ घातला होता, तांदळाची दोन पोती फोडलेली, म्हणून आदल्या दिवशी मी दुकानातून औषध आणलं होतं, त्याचंही काम सकाळीच उरकून घेतलं. कावेरीची पिशवी ओसरीवर भरून ठेवलेली. दोन फ्रॉक, शाळेची वह्या-पुस्तकं, कंगवा. तिच्याकडं बघायला लागू नये म्हणून मी पाठ फिरवून लसूण सोलत होते. त्या दिवशी लसणाची आमटी होती, घरभर फोडणीचा वास.

साडेबाराला पाटील आण्णा आले ते एकटे नाही. बायकोला दवाखान्यातनं घरी सोडणार होते म्हणून गावाकडनं माणसं आलेली, आठजण.

"अक्का, आज आमची वरात आहे," आण्णा हसत म्हणाले. "सांभाळून घ्या."

सांभाळून घ्या म्हणजे वीस-बावीस चपात्या जास्तीच्या. शारदा आतून ओरडली, "कणीक संपत आली हो!" मी पिठाच्या डब्यात हात घातला, पटापट पाणी ओतलं, मळायला घेतली. तेवढ्यात कट्ट्याच्या कडेला पितळी वाडग्याखाली एक गोळा दिसला. सकाळचा उरलेला असणार. वर बोटांचे खड्डे होते. रंग जरा मळकट वाटला, पण मी म्हटलं, वारा लागून सुकली असेल. वाया कशाला घालवायची? दोन मुठी मारून ताज्या कणकेत मिसळून टाकली आणि परात शारदाकडं सरकवली.

पहिली पंगत बसली. चपात्या तव्यावरून बुट्टीत पडत होत्या, बुट्टी मी बाहेर आणली आणि आण्णांच्या माणसांच्या ताटात एकेक टाकत गेले. वाढून मागं वळले तर कावेरी कट्ट्यापाशी उभी होती. तव्यावरून नुकत्याच उतरलेल्या चपातीचा तुकडा तिच्या तोंडात होता. ती चावायची थांबली.

तिचा आवाज मी त्या दिवसापर्यंत चढलेला ऐकला नव्हता. त्या दिवशीही चढला नाही. ती धावली. पंगतीतून सरळ धावत गेली, पायानं ताटं उडवत, आणि एकेकाच्या हातातली चपाती ओढून घेत गेली. एका बाईनं तुकडा मोडून ओठाला लावला होता, तिच्या तोंडातून तो बोटानं काढला. आण्णा आमटीत कुस्करत होते, त्यांचं ताटच उचलून भिंतीवर मारलं. मग बुट्टी. माझ्या हातून बुट्टी हिसकावली आणि खरकट्याच्या बादलीत उपडी केली, सगळ्याच्या सगळ्या चपात्या, आणि वर स्वतः बादलीवर वाकून राहिली. कुणी परत काढू नयेत म्हणून.

तीस माणसं उभी राहिली होती. आण्णांचा पुतण्या शिव्या देत होता. मी जाऊन तिच्या मुस्काटात मारली. एकदा नव्हे, दोनदा. माझा हात अजून मला आठवतो.

"आजच जायचीस ना! जाता जाता माझ्या अन्नावर सूड उगवतीस?"

तिनं मान वर केली, मला काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि भडभडून ओकली.

प्रिसिला पुढं आली. तिनं जमिनीवर पडलेली चपाती उचलली, मोडली, नाकाशी नेली. पुन्हा एकदा नेली.

"कुणी खाऊ नका!" ती किंचाळली. "हात धुवा सगळ्यांनी! अक्का, हे उंदराचं औषध आहे."

तिनं पोरीला उचललं आणि दवाखान्याकडं पळत सुटली. मागून शारदाचा आवाज आला, आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा. "मी म्हणत होते! खुन्याची पोर घरात घेऊ नका! माझ्या डोळ्यांनी बघितलं, सकाळी परड्यातनं काहीतरी आणून कट्ट्यावर ठेवत होती!"

परड्यातनं. मी मागच्या दारानं धावले. सकाळी उंदरांसाठी कणकेत औषध कालवून मी गोळा केला होता, कागदावर ठेवून वर लोखंडी घमेलं पालथं घातलं होतं. दुपारी माणसं गेल्यावर कोठीत ठेवणार होते. तो गोळा मी मुद्दाम गुळगुळीत ठेवला होता. उंदराच्या कणकेवर कोण बोटं उमटवतं? मी घमेलं उचललं. खाली नुसता कागद होता.

आणि मग मला कट्ट्यावरचे ते खड्डे आठवले. मी नीट बघितलेच नव्हते. माझे चार असतात. ते तीन होते.

दवाखान्यात तिचं पोट धुतलं. तुकडा लहान होता आणि बराचसा तिनं थुंकला होता, म्हणून वाचली, असं डॉक्टर म्हणाले. तिच्याशिवाय कुणाच्याच पोटात काही गेलं नव्हतं. तीन वाजता मला आत सोडलं. खाटेवर ती एवढीशी दिसत होती, गालावर माझी बोटं अजून लाल. मी स्टुलावर बसले आणि माझी जीभ, जी कधी थांबत नाही ती, टाळ्याला चिकटली.

"आजोबांनी खाल्लं?" तिनं विचारलं.

"नाही. कुणीच नाही खाल्लं."

तिनं डोळे मिटले, उघडले. मग दाराकडं बघून अगदी हळू म्हणाली, "अक्का, मुद्दाम होतं का?"

"काय?"

"मुद्दाम असलं तरी मी सांगणार नाही. आईचंसुद्धा नव्हतं सांगितलं."



"तुला माहिती होतं?" मी विचारलं. "आईचं?"

"तिसऱ्या वेळी कळलं. म्हातारी आजी होती. डब्यातल्या भाकरीला असाच लसणासारखा वास होता, लसूण घातलेला नसताना. आई म्हणायची, त्यांचं संपेपर्यंत बसायचं, डबा रिकामा घेऊन यायचं. मी बसले." तिनं पांघरुणाची कड बोटात पिळली. "आधी मी चाखायला पाहिजे होतं. म्हणजे आजींना नसतं दिलं."

मी तिला खिरीच्या वाटीवरून मारलं होतं. दप्तर रोज तपासलं होतं. सगळं आठवत होतं आणि मी मेल्याहून मेल्यासारखी झाले होते.

"अगं बाळा, ते मुद्दाम नव्हतं. उंदरांसाठी होतं. मी मागं परड्यात ठेवलं होतं, घमेल्याखाली. ते आत कसं आलं?"

"मी आणलं," ती म्हणाली. "अन्न जमिनीवर ठेवायचं नसतं ना. आणि गुळगुळीत होतं. म्हणून बोटं पण उमटवली. जायच्या आधी सगळं नीट करून ठेवलं." जराशानं म्हणाली, "कच्च्यात वास नाही आला. तव्यावर आला."

मी शिकवलेलं तिनं केलं होतं. तेवढंच केलं होतं. मी तिला अर्धंच शिकवलं, गुळगुळीत गोळा कधी मुद्दाम ठेवतात ते सांगितलंच नाही.

बाहेर बोलणं ऐकू आलं. बागवान मॅडमचा आवाज, एका पुरुषाचा आवाज, आणि मध्ये मध्ये शारदा. कावेरी उठून बसायला लागली.

"मी केलं म्हणून सांगा," ती म्हणाली.

"काय बोलतीस?"

"सगळ्यांना खरं वाटेल. आईनं सांगितलं होतं, पोलिसांनी विचारलं तर माझ्या हातनं पडलं म्हण, लहान पोरांना काही करत नाहीत. तेव्हा मी बोललेच नाही. गप्प बसले. म्हणून आईला नेलं." तिनं माझा हात धरला. तिचे हात गार होते. "आता गप्प बसत नाही. तुम्हाला नेणार नाहीत."

मी हात सोडवून घेतला आणि बाहेर आले.

हवालदार वही उघडून उभे होते. शारदा पदर तोंडाला लावून सांगत होती, परड्यातून कसं आणलं, कुठं ठेवलं. मॅडमनी माझ्याकडं बघितलं.

"अक्का, ही म्हणते ते खरं?"

"आणलं ते खरं," मी म्हणाले. "मीच तिला आणायला सांगितलं होतं."

शारदाचं तोंड उघडंच राहिलं.

"औषध मी कालवलं, उंदरांसाठी. कणीक कमी पडली म्हणून गडबडीत तोच गोळा मी चपातीच्या कणकेत मळला. ह्या हातांनी. पोरीनं चाखलं नसतं तर आज तीस माणसं गेली असती. लिहून घ्या."

त्यात एकच वाक्य खोटं होतं. कणकेवरच्या बोटांविषयी मी बोलले नाही. कोण विश्वास ठेवणार होतं? त्या आईच्या ह्या मुलीनं विषाच्या गोळ्यावर बोटं उमटवली, ती माणसांचं अन्न म्हणून, असं सांगितलं असतं तर जन्मभर तिच्या कपाळावरून ते पुसलं गेलं नसतं. बागवान मॅडम गेल्या वर्षी वारल्या. त्यांना हे खरं कधी सांगितलं नाही. पंधरा वर्षांनी आज पहिल्यांदा सांगतेय.

मॅडम वही बंद होईपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "तुम्हीच तिला न्यायला बोलावलं होतं, अक्का."

"आता नको. राहू दे माझ्याकडं. पाया पडते."

"तुम्ही आत्ता जे सांगितलंत त्यानंतर?" त्यांचा आवाज कडक नव्हता, थकलेला होता. "स्वयंपाकघरात उघड्यावर विष, पोरीकरवी ते आत आणवलं. अशा घरात मूल ठेवू द्या म्हणून मी समितीपुढं कुठल्या तोंडानं उभी राहू?"

बरोबर होतं त्यांचं. तीन दिवसांनी कावेरीला दवाखान्यातून सरळ बालगृहात नेलं. गाडीच्या काचेतून ती माझ्याकडं बघत होती, आणि तिला काय वाटतंय ते मला माहिती होतं. परत एकदा आपण बोललो नाही, म्हणून असं झालं.

खानावळ दोन महिने बंद राहिली. शारदा दुसरीकडं कामाला लागली. मी दर गुरुवारी समितीच्या ऑफिसात जाऊन बसायची. हाकललं तरी पुढच्या गुरुवारी परत. माझं घर तपासलं, कोठी तपासली, मला ढीगभर प्रश्न विचारले. पाटील आण्णांनी अथणीहून येऊन सांगितलं की ह्या पोरीमुळं मी आज पेरूची बाग राखतोय. प्रिसिलानं अर्ज लिहून दिला. सहा महिने लागले.

फेब्रुवारीत मॅडम तिला घेऊन आल्या. तीच पिशवी, तेच दोन फ्रॉक, जरा आखूड झालेले. ती ओसरीवर उभी राहिली. मी काही बोलले नाही, मी! पाट मांडला, ताट वाढलं. वांग्याची भाजी, आमटी, चपाती, ताक. ती बसली. दोन्ही हात मांडीवर, पाठ ताठ. तिनं माझ्या ताटाकडं बघितलं, मी वाढून घेतलं नव्हतं.

मी तिच्यासमोर बसले, तिच्या ताटातली चपाती मोडली, आमटीत बुडवली आणि खाल्ली. मग भाजीची एक फोड. मग त्याच पेल्यातला ताकाचा घोट. देवाच्या खिरीवरून जिला मारलं तिच्या ताटात मी उष्टं करत होते.

"ह्या घरात आता आधी मी," मी म्हणाले. "तू नाही. कळलं?"

ती माझ्या गळ्याकडं बघत होती. घास खाली उतरेपर्यंत बघितलं. मग माझ्या तोंडाकडं, डोळ्यांकडं.

"अजून थोडा वेळ थांबू या," ती म्हणाली.

"थांबू या की," मी म्हणाले.

आम्ही दोघी समोरासमोर बसून राहिलो. आमटी गार झाली. ओसरीवर मॅडमनी दोनदा घड्याळ बघितलं, पण आत आल्या नाहीत. बऱ्याच वेळानं कावेरीनं मांडीवरचा हात उचलला आणि माझ्या उष्ट्या चपातीचा तुकडा मोडला.